कुठे बांधायचं, कुठे नाही: नैसर्गिक संपदेचे नकाशे कसे बनतात आणि कसे वाचायचे

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर नावाची दोन मातीची धरणं आहेत, १९४० च्या दशकात बांधलेली. एरवी ती जवळजवळ कोरडीच असतात. मोठा पाऊस झाला की शहराकडे धावणारं पाणी अडवायचं आणि मग हळूहळू सोडायचं, एवढंच त्यांचं काम. धरणं बांधताना सरकारने मागची जमीन ताब्यात घेतली, पण पाणी जास्तीत जास्त जिथवर चढू शकतं तिथवरची सगळी घेतली नाही. उरलेली जमीन खाजगी राहिली आणि पुढच्या काही दशकांत तिच्यावर वसाहती उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे चक्रीवादळाचा पाऊस कोसळला. धरणांमागचं पाणी पूर्वी कधीच चढलं नव्हतं इतकं चढलं आणि हजारो घरांत शिरलं.

यातली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. तिथल्या एका जिल्ह्यात अशा काही वसाहतींच्या मंजूर आराखड्यांवर बारीक अक्षरांत टीप छापलेली होती की, ही जागा धरणाच्या पाण्याखाली जाऊ शकते. म्हणजे पाणी कुठवर येईल हे माहीत होतं, नकाशावर काढलेलं होतं, त्यावर शिक्कामोर्तब झालेलं होतं. पण घर घेणाऱ्यांपैकी अनेकांनी ती टीप कधी पाहिलीच नव्हती. आणि ज्यांनी ती छापली, त्यांनी घरांनाही परवानगी दिली.

नैसर्गिक संपदेचं नकाशांकन हा विषय ऐकायला कोरडा वाटतो, पण तो नेमका याच ठिकाणी माणसाच्या उंबरठ्यापर्यंत येतो. एखाद्या भागात पाणी कुठे मुरतं, कसदार माती कुठे आहे, प्राणी कुठून ये-जा करतात, कोणता उतार घसरू शकतो आणि यातलं काय एकदा गेलं की परत येणार नाही, हे सगळं बांधकामाची पहिली रेषा पडायच्या आधी कागदावर मांडायचं, असं हे काम आहे. यात ‘आधी’ या शब्दाला फार किंमत आहे. कारण पुष्कळदा घडतं ते उलट. रस्त्याची किंवा वसाहतीची रेषा आधी पक्की होते आणि मग त्या रेषेच्या वाटेत काय काय येतं याचा अभ्यास होतो. तोवर पैसे गुंतलेले असतात, शब्द दिलेले असतात. मग अभ्यासाच्या हाती उरतं ते एवढंच: इथली झाडं तोडा, तिकडे रोपं लावा.

एकावर एक थर

या पद्धतीचं सगळ्यात सोपं रूप संगणकाच्या आधीचं आहे आणि ते समजलं की पुढचं सगळं समजतं.

इयन मॅकहार्ग हे मूळचे स्कॉटलंडचे, अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात भूदृश्यरचना शिकवत. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर रिचमंड पार्कवे नावाचा रस्ता प्रस्तावित होता. तो बेटाच्या मधोमध असलेल्या झाडीने भरलेल्या डोंगररांगेतून जाणार होता. रस्त्यासाठी ‘चांगली जागा’ म्हणजे काय, याचं तोवरचं उत्तर अभियंत्याचं होतं: कमी खर्च, कमी अंतर, कमी चढ. मॅकहार्ग यांनी त्यात इतर खर्च धरले. जंगल गेलं तर तो खर्च, पाणी गढूळ झालं तर तो खर्च, जुनी वस्ती चिरली गेली तर तोही खर्च.

हे मोजायचं कसं? त्यांनी प्रत्येक गोष्टीसाठी एक पारदर्शक कागद घेतला. जंगलाचा एक, पाण्याचा एक, उताराचा एक, ऐतिहासिक जागांचा एक, वन्यजीवांचा एक. प्रत्येक कागदावर जिथे मोल जास्त तिथे गडद रंग, मध्यम तिथे फिकट, नगण्य तिथे कोरा. मग सगळे कागद एकावर एक ठेवून खालून उजेड पाडला. जिथे बरंच काही एकत्र आलं होतं तो भाग काळाकुट्ट दिसला. जिथून उजेड आरपार आला ती पट्टी म्हणजे रस्त्याने सगळ्यात कमी नुकसान होईल अशी वाट. एकही आकडा न लिहिता कुणालाही कळेल असं उत्तर समोर आलं.

तो रस्ता केवळ नकाशामुळे थांबला असं म्हणणं चुकीचं ठरेल, कारण स्थानिक लोक वर्षानुवर्षं लढले. पण डोंगररांगेतून जाणारा भाग अखेर झालाच नाही आणि आज ती झाडी सार्वजनिक हरितपट्टा म्हणून जपली जाते. रस्त्याच्या कामात निघालेल्या दगडमातीच्या ढिगाची तिथे एक टेकडी झाली आहे. न्यूयॉर्कमध्ये रस्त्यांचं जाळं विणणाऱ्या रॉबर्ट मोझेस यांच्या नावावरून लोक तिला मोझेसचा डोंगर म्हणतात.

थर लावण्याचा क्रमही मनमानी नसतो. सगळ्यात खाली खडक. खडक सच्छिद्र आहे की एकसंध, यावर पाणी मुरणार की वाहून जाणार हे ठरतं. खडक आणि पाणी मिळून माती ठरवतात, मातीवर झाडोरा ठरतो, झाडोऱ्यावर प्राणी. माणसांनी काय बांधलं, काय पेरलं, कशाला पवित्र मानलं, हा सगळ्यात वरचा थर. खालचा एक थर चुकला तर वरचे सगळे हलतात. म्हणून जाणकार माणूस हिरव्या रंगाकडे बघण्याआधी खडकाचा नकाशा मागतो.

थर एकत्र पाहिले की एकेकट्या नकाशात न दिसणारी गोष्ट दिसते. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात फिलिप लुइस यांनी साधारण त्याच काळात लोकांना मोलाच्या वाटणाऱ्या जागा टिपल्या: झरे, कडे, पाणथळी, जुने अवशेष, दुर्मीळ झाडं. त्यातल्या बहुतेक जागा राज्यभर विखुरलेल्या नसून ओढ्या-नद्यांच्या आणि तीव्र उतारांच्या कडेने, लांबट पट्ट्यांत एकवटलेल्या होत्या. म्हणजे सगळीकडे बंदी घालायची गरज नव्हती. थोडी जमीन जपली तरी बरंच काही वाचणार होतं, मात्र ती नेमकी हवी. पाणी, वाट आणि आसरा एकाच ठिकाणी मिळत असल्याने प्राणीही याच पट्ट्यांतून ये-जा करतात. दोन जंगलं जपली आणि मधला ओढ्याकाठचा पट्टा बुजवला, तर नकाशावर हिरवं क्षेत्र फारसं घटत नाही, पण दोन्ही जंगलं एकमेकांना तुटतात.

आकाशातून काय दिसतं

कॅनडाने १९६३ च्या सुमारास देशातली जमीन शेतीला, जंगलाला, वन्यजीवांना, करमणुकीला किती योग्य आहे याची मोठी नोंदणी सुरू केली. त्यातून इतके नकाशे तयार होणार होते की ते हाताने एकमेकांवर ठेवून क्षेत्रफळं मोजायला माणसं पुरणार नव्हती. रॉजर टॉमलिन्सन यांनी हे काम संगणकाकडून करून घ्यायची व्यवस्था उभी केली. आज ज्याला आपण जीआयएस, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली म्हणतो, त्याची ही सुरुवात. मुळात कल्पना तीच, पारदर्शक कागदांची.

१९७२ मध्ये जमिनीची चित्रं टिपणाऱ्या अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेतला पहिला उपग्रह गेला. आज लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब-रुंद असतो, युरोपच्या सेंटिनेल-२ चा १० मीटर. दोन्हींची चित्रं फुकट मिळतात. हे उपग्रह आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपतात. हिरवं, ताजं पान तांबडा प्रकाश पिऊन टाकतं आणि अवरक्ताच्या जवळच्या पट्ट्यातला प्रकाश जोरात परतवतं. या दोहोंतल्या फरकावरून कुठे झाडोरा दाट, कुठे विरळ, कुठे सुकत चाललाय हे काढता येतं.

इथे एक सावधगिरी मात्र मनापासून सांगाविशी वाटते. उपग्रहाला हिरवं दिसतं. ते हिरवं कशाचं आहे हे तो सहजासहजी सांगू शकत नाही. शंभर जातींचं जुनं जंगल आणि एकाच जातीची ओळीने लावलेली झाडं, दोन्ही वरून सारखीच दाट वाटू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या व्याख्येनुसार अर्ध्या हेक्टरहून मोठ्या क्षेत्रावर ५ मीटरहून उंच झाडं असतील आणि त्यांच्या छायेने १० टक्क्यांहून अधिक जमीन झाकली असेल, तर ते वनक्षेत्र. लागवडीची वनंही त्यात मोजली जातात. ‘वनक्षेत्र वाढलं’ असं वाक्य वाचलं की म्हणूनच कोणतं वन, हे विचारावं.

हातभर खोल

नकाशा खरा की खोटा हे शेवटी जमिनीवर जाऊनच कळतं, आणि या कामात मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो हे करणाऱ्यांबद्दल.

समजा, नकाशावर एक सपाट, कोरडा तुकडा दाखवला आहे. उन्हाळ्यातल्या चित्रात तिथे पाण्याचा टिपूस नाही. बांधकामाला अगदी आदर्श. पडताळणी करणारा माणूस तिथे जातो, हाताने फिरवायचं गिरमिट जमिनीत घालतो आणि दीड-दोन फुटांवरची माती वर काढतो. थोडी ओली करून अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची फीत काढतो. फीत लांब निघाली, तुटली नाही, तर चिकणमाती भरपूर आहे आणि पाणी खाली जायला वेळ लावणार. मग तो ढेकूळ फोडून रंग पाहतो. आत राखाडी माती आणि तिच्यात मुळांच्या वाटांनी गंजासारखे तांबूस ठिपके दिसले, की त्याला उत्तर मिळालं. माती बराच काळ पाण्याने भरलेली राहिली की आत हवा पोचत नाही. हवेविना मातीतलं लोह विरघळून सरकतं आणि मागे राखाडी रंग उरतो. जिथे मुळांच्या वाटेने थोडी हवा शिरते तिथे ते पुन्हा गंजतं. हे ठिपके पाणी ओसरल्यावरही टिकतात. आज पाय कोरडे राहतात ती ही जागा वर्षातले काही आठवडे पाणथळ असते, आणि तिने ते स्वतःच लिहून ठेवलेलं असतं.

अशा जागेवर भराव टाकून घरं उठवली तर ते पाणी नाहीसं होत नाही. ते शेजारी जातं.

माणसांकडून मिळणारी माहितीही याच जातीची. कोणत्या वर्षी पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, कोणता झरा शेवटपर्यंत आटत नाही, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना ठाऊक असतं. ते नकाशात आलं नाही तर नकाशा अपुरा राहतो, उपकरणं कितीही महाग असोत.

आकडे बेरजेत घालताना

आता खरी गुंतागुंत. पारदर्शक कागदांवर सगळ्या थरांचं वजन एकसारखंच पडत होतं. संगणकात मात्र प्रत्येक थराला किती महत्त्व द्यायचं हे आधी सांगावं लागतं. याला भार देणं म्हणतात. निर्णयाचा मोठा भाग इथेच होऊन जातो आणि बहुतेकांना तो दिसतही नाही. म्हणून थोडं थांबून एक छोटं उदाहरण करून पाहू. आकडे कल्पित आहेत, हिशेब मात्र खरा.

तीन तुकडे घ्या: क, ख, ग. प्रत्येकाला तीन बाबींत १ ते ५ गुण, ५ म्हणजे जपण्याजोगं सर्वाधिक. क ची माती ५, पाणी मुरण्याची क्षमता २, वन्यजीवांसाठी २. ख ची माती १, पाणी ४, वन्यजीव ५. ग ची माती १, पाणी ५, वन्यजीव १.

शेतीचा विचार आधी करणाऱ्या गटाने भार दिले: माती ५० टक्के, पाणी ३०, वन्यजीव २०. क ला ३.५ मिळतात, ख ला २.७, ग ला २.२. निष्कर्ष असा की क जपा.

वन्यजीवांचा विचार आधी करणाऱ्या गटाने माती आणि वन्यजीवांचे भार उलटवले: माती २०, पाणी ३०, वन्यजीव ५०. आता क ला २.६ आणि ख ला ३.९. निष्कर्ष, ख जपा. जमीन तीच, मोजमापं तीच, बेरीज दोन्हीकडे बिनचूक. बदललं ते फक्त कुणाला काय मोलाचं वाटतं ते. यात गैर काही नाही, माणसांची मोलं वेगळी असतातच. पण ती मोलं संगणकाच्या उत्तरामागे दडवून ‘शास्त्रीय नकाशा असं सांगतो’ म्हणणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. भार काय दिले आणि ते कुणी ठरवले, हे नकाशाच्या शेजारी छापलेलं असलं पाहिजे.

आता ग कडे पाहा. त्याला दोन्ही वेळा २.२ आणि दोन्ही वेळा शेवटचा क्रमांक. दोन्ही गट एकमुखाने म्हणतील की बांधकाम इथे करा. पण त्याचे पाण्याचे गुण ५ आहेत. समजा खालच्या सगळ्या विहिरींचं पाणी इथेच मुरतं. माती नापीक आणि प्राणी नाहीत म्हणून सरासरीत तो तळाला गेला. तिथे फरसबंदी झाली की विहिरी आटणार, मग माती आणि वन्यजीवांच्या गुणांचं काय करायचं? बेरजेची पद्धत गृहीत धरते की एका बाबीतला तोटा दुसऱ्या बाबीतल्या नफ्याने भरून निघतो. पुष्कळ गोष्टींत तो निघतच नाही. म्हणून चांगल्या कामात काही थर बेरजेत घेतच नाहीत. एकमेव पाणीस्रोत, घसरणारा कडा, पुराची वाट, एखाद्या जातीचं शेवटचं घर, हे आधीच बाजूला काढून ‘इथे नाही’ असं लिहितात आणि उरलेल्या जमिनीची बेरीज करतात.

जपायच्या जागांची निवड करतानाही असाच चकवा असतो. एका जंगलात दहा दुर्मीळ जाती आहेत, दुसऱ्यात त्याच दहांपैकी नऊ, तिसऱ्या लहानशा रानात फक्त तीन, पण त्या तीन आणखी कुठेच नाहीत. दोनच जागा जपता येणार असतील तर पहिलं आणि तिसरं निवडायला हवं. गुणांच्या क्रमाने गेलो तर पहिलं आणि दुसरं निवडलं जातं आणि तीन जाती कायमच्या जातात. एकेका जागेचे गुण मोजण्यापेक्षा सगळ्या जागा मिळून एकमेकींची उणीव भरतात का, हे पाहावं लागतं. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळरांगेच्या सागरी उद्यानाची पुनर्आखणी झाली तेव्हा हाच विचार पायाशी होता. सगळा भाग ७० जैवप्रदेशांत, म्हणजे सारख्या जीवसृष्टीच्या पट्ट्यांत, विभागला आणि प्रत्येकाचा किमान २० टक्के भाग तरी मासेमारीपासून पूर्ण मोकळा राहावा असं धोरण ठेवलं. २००४ मध्ये नवी आखणी लागू झाली. असं संरक्षित क्षेत्र ५ टक्क्यांहून कमी होतं ते ३३ टक्के झालं. त्याआधी लोकांकडून ३१ हजारांहून अधिक लेखी सूचना आल्या होत्या आणि रेषा त्यानुसार सरकवल्याही गेल्या.

नाव काय दिलं

नकाशाच्या कोपऱ्यात रंगांची सूची असते. हिरवा म्हणजे वन, निळा म्हणजे पाणी, पिवळा म्हणजे शेती. ही सूची कुणी नीट वाचत नाही, पण एखाद्या जमिनीचं नशीब तिथे दिलेल्या एका शब्दावर ठरू शकतं.

भारतात पडीक जमिनींचा राष्ट्रीय नकाशासंग्रह २००० साली निघाला. त्यात झुडपांची जमीन, चराऊ कुरणं अशा जागा ‘पडीक’ या मोठ्या मथळ्याखाली आल्या. पडीक म्हटलं की मनात येतं, काही उपयोगाची नाही, कुणालाही द्या. पण त्यात माणसाने बिघडवलेल्या जमिनींच्या बरोबरीने असे माळही आहेत जे हजारो वर्षांपासून माळच आहेत. माळढोक, लांडगा, चिंकारा यांचं घर तेच आणि मेंढपाळाचं कुरणही तेच. जिथे मुळात झाडं नव्हतीच तिथे चांगल्या हेतूने वनीकरण केलं तरी माळ मरतो, कारण माळावरच्या पक्ष्याला दूरवर नजर पोचावी लागते.

ब्राझीलमध्ये हीच गोष्ट कायद्यात दिसते. अमेझॉनच्या जंगल-प्रदेशातल्या खाजगी जमिनीवर मालकाने साधारण ८० टक्के भाग नैसर्गिक झाडोऱ्याखाली ठेवायचा असतो. शेजारच्या सेराडो या विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात हे प्रमाण बहुतेक ठिकाणी २० टक्के, पण सेराडोचा जो भाग कायद्याने अमेझॉन म्हणून आखलेल्या सीमेत येतो तिथे ३५. सेराडोतली पुष्कळ झाडं उंचीने बेताची पण मुळांनी फार खोल असतात आणि दक्षिण अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या नद्यांचे उगम तिथे आहेत. पण वरून पाहणाऱ्याच्या नजरेत दाट जंगल भरतं. सोयाबीन आणि कुरणांसाठी सेराडोचा साधारण निम्मा नैसर्गिक झाडोरा आजवर गेला आहे.

रेषेची जाडी

नकाशा २,५०,००० पट लहान केलेला असेल तर त्यावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर सव्वाशे मीटर रुंद असते. कुणाचं घर, कुणाचं शेत त्या रेघेच्या जाडीतच असतं. असा नकाशा राज्याचं धोरण ठरवायला ठीक आहे, एका सर्व्हे नंबरचा निवाडा करायला नाही. पडद्यावर बोटांनी मोठा करून पाहिला म्हणून त्यात नसलेला तपशील येत नाही. निम्मे वाद मला इथेच अडकलेले दिसतात: एका कामासाठी काढलेला नकाशा भलत्याच कामाला लावला जातो.

कोणत्या एककाने मोजायचं यानेही चित्र बदलतं. पश्चिम घाटाचं उदाहरण जगभर अभ्यासलं जातं ते यासाठी. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ च्या अहवालात घाट साधारण ९ किलोमीटर लांब-रुंद चौकोनांत विभागला, प्रत्येक चौकोनाला गुण दिले आणि सगळा घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील मानून त्याच्या तीन पातळ्या केल्या. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २४ मीटर ठिपक्यांची उपग्रहचित्रं घेतली, शेती, वस्ती, बागा असलेला भाग आधी वेगळा काढला, एकक म्हणून गाव धरलं आणि सुमारे ३७ टक्के, म्हणजे जवळपास ६० हजार चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरवलं. डोंगर तेच होते. एका नकाशाने माणूस आणि रान यांना एकाच पटावर ठेवलं, दुसऱ्याने त्यांना वेगळं केलं. ९ किलोमीटरच्या चौकोनात गाव, बाग आणि देवराई एकत्र येतात, सगळ्यांना एकच रंग मिळतो आणि गावकऱ्याला आपलं घर जंगलात धरल्यासारखं वाटतं. उलट, बारीक ठिपक्यांनी बागा वगळल्या की त्या बागांमधून जाणारी हत्तीची वाटही वगळली जाऊ शकते. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत. बारीक नकाशा म्हणजे आपोआप न्याय्य नकाशा, असं मी मानत नाही. पण प्रत्यक्ष रेषा ठरवताना त्या गावातल्या लोकांच्या हातात कागद असायला हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो न पोचल्याने किती भीती पसरली, हे त्या वर्षांतल्या आंदोलनांत दिसलं.

नकाशा हातात आल्यावर

आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा बहुतेकजण आधी आपली जागा शोधतात. साहजिक आहे. तिच्याबरोबर आणखी थोडं बघा. माहिती कोणत्या वर्षाची आणि कोणत्या ऋतूतली आहे? उन्हाळ्यातल्या एकाच चित्रावर ओढे आखले असतील तर निम्मे ओढे गायब असतील. जमिनीवर जाऊन किती ठिकाणी तपासलं आणि त्यातल्या किती ठिकाणी नकाशा चुकला? ही नोंद नसेल तर ती मागा, ती देणं हे काम करणाऱ्याचं कर्तव्य आहे. भार कोणते? बेरजेत न घेता बाजूला काढलेल्या जागा कोणत्या? आणि नकाशावर कोरी दिसणारी जागा खरंच रिकामी आहे की तिथे कुणी गेलंच नाही? दुर्मीळ जातींच्या नोंदी रस्त्यांच्या कडेने दाट असतात, कारण अभ्यासक रस्त्याने जातात. नोंद नाही आणि अस्तित्व नाही, यात फार अंतर आहे.

हे प्रश्न विचारायला वेळ हवा आणि तो निर्णयाच्या आधी हवा. नेदरलँड्समध्ये १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर देशाने बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी नद्यांना पसरायला जागा द्यायचं ठरवलं. नायमेखन शहरासमोर वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेतला. त्यासाठी सुमारे पन्नास घरं हलवावी लागली आणि ते कुणासाठीच सोपं नव्हतं. दक्षिणेकडे ओव्हरडीप नावाच्या शेतीच्या पट्ट्यात वेगळं घडलं. आपली जमीन पुराच्या पाण्यासाठी निवडली जाणार हे शेतकऱ्यांना वेळेत कळलं. नकाशा समोर होता. तो घेऊन बसून त्यांनी स्वतःची योजना मांडली: नदीकडचा बांध खाली करा, पाणी येऊ द्या, पण आमची घरं आणि गोठे मागच्या बांधाला लागून मातीच्या उंचवट्यांवर बांधून द्या. सगळ्यांना तिथे राहता येणार नव्हतं, काही कुटुंबं मोबदला घेऊन दुसरीकडे गेली. उरलेल्यांसाठी आठ उंचवटे झाले. आता साधारण पंचवीस वर्षांतून एकदा पाणी शेतात शिरेल असा हिशेब आहे, आणि ते शिरेल तेव्हा गाई वर असतील.